हेर, कवी आणि चितारी : किस्से टाका, पण कुठून आले तेही सांगा

अडगळ (धागाकर्ता)

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक घ्या. राज्याभिषेक आटोपलाय, पाहुणे परत गेलेत. सीतेला दिवस गेलेत, तिचं मन रमावं म्हणून लक्ष्मण तिला आणि रामाला चित्रं दाखवायला नेतो. चित्रं त्यांच्याच आयुष्याची. मिथिलेतलं लग्न, वनवास, जनस्थान. शूर्पणखेचं चित्र आलं की सीता खरोखर दचकते आणि रामाला सांगावं लागतं की अगं, हे चित्र आहे. शेवटी दमून ती रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते, आणि नेमका तेव्हाच दुर्मुख आत येतो. दुर्मुख म्हणजे प्रजा काय बोलते ते टिपून आणणारा रामाचा हेर. तो काय सांगतो ते प्रेक्षकांना ऐकूसुद्धा येत नाही. कानात सांगतो. पुढचं सगळं नाटक त्या कुजबुजीतून निघतं.

वाल्मीकीच्या उत्तरकांडात हीच बातमी भद्र नावाचा माणूस सांगतो, तीही मंडळी गप्पा मारत बसलेली असताना, रामाने खोदून विचारल्यावर. भवभूतीने (आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा माणूस) ती चारचौघांतून उचलली आणि हेराच्या तोंडी घातली. शिवाय त्याच्या आधी चित्रं ठेवली. भूतकाळ भिंतीवर रंगवलेला आणि वर्तमान दाराशी उभा.

तर धाग्याचा विषय हा. इतिहास असो, पुराण असो, कादंबरी असो की चित्रकला, जिथे हेर आणि कलावंत एकमेकांना भेटतात असे किस्से टाका. एकच अट आहे. व्हॉट्सॲपवरचं ढकललेलं नको, कशात आहे ते सांगा.

नाट्यवेडा पुणेकर

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाला आमंत्रण दिल्याबद्दल आभार!

चाणक्याचा हेर निपुणक घरोघर फिरतो तो यमपट घेऊन. यमपट म्हणजे मेल्यावर यमाच्या दरबारात काय काय होतं त्याची चित्रं काढलेलं कापड. ते उलगडायचं, गाणी म्हणायची, भिक्षा मागायची. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पोथीतली चित्रं दाखवत कथा सांगतात, त्याच घराण्यातला हा जुना धंदा. असा माणूस कुणाच्याही अंगणात बसू शकतो, त्याला कोणी हटकत नाही.

चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या दारात तो असाच गात बसलेला असताना पाचेक वर्षांचं एक पोर कुतूहलाने बाहेर डोकावतं. आतून बायकांची गडबड ऐकू येते. एक हात येऊन पोराला आत ओढतो आणि त्या झटापटीत बोटातली अंगठी निसटून गडगडत थेट निपुणकाच्या पायाशी येते. अंगठीवर नाव राक्षसाचं, म्हणजे नंदांच्या अमात्याचं. त्याचं कुटुंब कुठे लपलंय तेही कळलं आणि त्याची मुद्राही हातात आली. पुढची सात अंकांची उलथापालथ या एका अंगठीने शिक्का मारलेल्या पत्रावर चालते.

मला त्याहून आवडतो तो एक बारकावा. निपुणक चाणक्याला सांगतो की नगरात राक्षसाची तीन माणसं आहेत आणि त्यातला एक म्हणून जीवसिद्धी या क्षपणकाचं (जैन भिक्षूचं) नाव घेतो. जीवसिद्धी तर चाणक्याचाच हेर! निपुणकाला ते माहीत नाही आणि चाणक्य त्याला सांगतही नाही, मनात हसून पुढे जातो.

तळटीप

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. हे विशाखदत्ताच्या डोक्यातून निघालेले नसून अर्थशास्त्रात नियम म्हणून दिलेले आहे. पहिल्याच अधिकरणात कौटिल्य म्हणतो की हेरांच्या संस्थांनी आणि फिरत्या हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये. आणि तिघांचे सांगणे जुळले तरच बातमी खरी मानावी. कापटिक (विद्यार्थ्याच्या वेषातला), उदास्थित (मठ सोडलेला संन्यासी), गृहपतिक (शेतकऱ्याच्या वेषातला), वैदेहक (व्यापाऱ्याच्या वेषातला), तापस हे एका जागी बसणारे. सत्री (अनाथ, लहानपणापासून तयार केलेला), तीक्ष्ण (मारेकरी), रसद, भिक्षुकी हे फिरणारे. रसद म्हणजे विष घालणारा, आपली सैन्याची रसद नव्हे. दोन्हीकडून पगार खाणाऱ्यासाठी 'उभयवेतन' अशी वेगळी संज्ञाच आहे.

ज्यांना मुळातून वाचायचे असेल त्यांनी कांगल्यांची आवृत्ती पाहावी. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत काढली. आणि 'मुद्राराक्षसा'साठी का. त्र्यं. तेलंगांचे १८८४ चे संपादन. हेच तेलंग पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

नाट्यवेडा पुणेकर

@तळटीप, धन्यवाद. अजून एक राहिलं. राक्षसाचाही हेर आहे, विराधगुप्त. तो गारुडी बनून येतो. द्वारपाल आत सोडत नाही तेव्हा तो एक श्लोक लिहून पाठवतो: भुंगा फुलातला रस कौशल्याने पिऊन जे बाहेर टाकतो ते दुसऱ्यांच्या कामी येतं. बास. राक्षसाला फूल म्हणजे कुसुमपूर (पाटलिपुत्र), भुंगा म्हणजे आपला माणूस असं तिथल्या तिथे उमगतं. परवलीचा शब्द म्हणून कविता! आजच्या किती मंत्र्यांना जमेल?

भटकी माऊ

वाचनखूण साठवली. माझी आवडती हेर कुत्री आहे. सरमा.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १०८ वं सूक्त म्हणजे निव्वळ संवाद आहे. पणी नावाच्या शत्रूंनी गाई पळवून डोंगरात कोंडल्यात. इंद्राने सरमेला माग काढायला पाठवलंय, ती रसा नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचते. पणी आधी धमकावतात आणि मग चक्क तिला फोडायचा प्रयत्न करतात. परत जाऊ नकोस, तुला बहीण मानतो, गाईंतला वाटा देतो. सरमेचं उत्तर ठणठणीत. भाऊपण कळत नाही मला आणि बहीणपणही, ते इंद्राला आणि अंगिरसांना ठाऊक.

वेदात ती बाणेदार आहे. पण 'बृहद्देवता' या ऋग्वेदातल्या देवतांवरच्या जुन्या ग्रंथात हीच गोष्ट पार उलटते. तिथे ती पणींनी दिलेलं दूध पिते, परत येऊन इंद्राला साफ सांगते की गाई दिसल्या नाहीत. इंद्र लाथ घालतो, दूध ओकलं जातं आणि त्या मागावरून तो गाईंपर्यंत पोचतो. म्हणजे तळटीपकाकांच्या यादीतली उभयवेतन झाली की बिचारी!

अवांतर: वरुणाचेही हेर आहेत, अथर्ववेदात. हजार डोळ्यांचे, आकाशातून उतरून पृथ्वी न्याहाळणारे. दोघं जण कोपऱ्यात बसून कुजबुजले तरी तिथे तिसरा वरुण असतो म्हणे. सध्या ते काम मोबाईल करतो.

शून्य प्रहर

रामायणात रामाची खरी शान दिसते ती शुक-सारण प्रकरणात. रावणाचे हे दोन हेर वानरांचं रूप घेऊन छावणीत शिरतात, बिभीषण ओळखतो, पकडून आणतो. राम म्हणतो, काम झालं असेल तर जा, काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या, बिभीषण दाखवेल. परत गेल्यावर ते वानरसेनेचं इतकं कौतुक करतात की रावण त्यांना हाकलून देतो. शत्रूचा हेर आपल्याच प्रचाराला लावण्याचं याहून स्वस्त तंत्र सापडणार नाही.

रेवाकाठ

इलियडमध्ये ट्रॉयचा लाकडी घोडा नाही, हे किती जणांना माहीत आहे? इलियड हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपतं. घोडा येतो ओडिसीत, तोही आठवण म्हणून, आणि सविस्तर येतो तो व्हर्जिलच्या इनिडमध्ये. तिथे खरा हेर आहे सिनॉन. ग्रीकांनी मागे सोडलेला, आपल्याच लोकांनी मला बळी द्यायचं ठरवलं होतं अशी रडकथा सांगणारा. घोडा आत जातो तो लाकडामुळे नव्हे, या माणसाच्या गोष्टीमुळे.

आता आपलं. भासाच्या 'प्रतिज्ञायौगंधरायणा'त हत्ती आहे! वत्सांचा राजा उदयन वीणा वाजवून हत्ती पकडण्यात पटाईत. उज्जैनीचा प्रद्योत त्याच्यासाठी जंगलात बनावट हत्ती उभा करतो. 'कथासरित्सागरा'त तर हा यंत्राचा हत्ती आहे आणि पोटात सैनिक. उदयन वीणा घेऊन जवळ जातो आणि पकडला जातो. मग त्याला सोडवायला त्याचा मंत्री यौगंधरायण वेड्याचं सोंग घेऊन उज्जैनीच्या रस्त्यावर फिरतो, सोबत दुसरा मंत्री रुमण्वान बौद्ध भिक्षू बनून आणि विदूषक भिकारी बनून. तिसऱ्या अंकात हे तिघे लाडवांवरून भांडल्याचं नाटक करत मसलत करतात.

पण माझा किस्सा तो नाही. काव्यशास्त्रकार भामहाने आपल्या 'काव्यालंकारा'त या उदयनकथेची सालं काढली आहेत. त्याचं म्हणणं असं: आधी वत्सराजाला विजयाची आकांक्षा असलेला, जाणत्यांचं ऐकणारा म्हणून उभं करता, आणि मग तोच राजा 'चारशून्य', म्हणजे हेरच नसलेला दाखवता? आपल्याच मुलखात आत सैनिक भरलेला खोटा हत्ती उभा राहतो आणि याला पत्ता लागत नाही? मंत्री काय करत होते? सगळे मूर्ख तरी होते किंवा फितूर तरी.

बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या समीक्षकाने कथानकातलं भोक कुठे पकडलं, तर हेरखात्याच्या गलथानपणावर. मी भामहाचा चाहता आहे तो यासाठी. अलंकारांसाठी नव्हे.

अडगळ

दंडवत! भामहाचं हे मला नवीन. धागा काढल्याचं सार्थक झालं. भासाचं नाटक भामहापुढे होतं की दुसरी एखादी उदयनकथा, यावर पंडितांचा वाद आहे ना?

रेवाकाठ

आहे आणि चालू राहील. भासाचं नाव तो घेत नाही. गणपतिशास्त्र्यांना केरळात पोथ्या सापडून १९१२ पासून ती नाटकं छापली जाईपर्यंत भास हे नुसतं नावच होतं, आणि त्या पोथ्यांवरही नाटककाराचं नाव नाही.

रानवाटा

आपले बहिर्जी नाईक कसे विसरलात? आदिलशहाच्या दरबारात फकीर बनून गेले, बादशहाने ओळखलं तरी हसत निघून आले. शेकडो वेषांतरं, पक्ष्यांच्या आवाजातली भाषा. जगातला सर्वांत मोठा हेर!

तळटीप

रानवाटा, नाईकांबद्दल आदर तुमच्याइतकाच. पण धाग्याची अट पुराव्याची आहे, म्हणून सभासदाची बखर पाहू. जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंताने लिहिलेली, म्हणजे काळाने जवळची. तिच्यात बहिर्जी जासूद ठळकपणे येतो तो दोन ठिकाणी. एक सुरतेच्या वेळी. सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल ही बातमी तो आणतो. दुसरे १६७९ ची जालन्याची स्वारी. परतताना मोगल फौज वाट अडवते तेव्हा बहिर्जी आडवाटेने महाराजांना सुखरूप काढून पट्टा किल्ल्यावर पोचवतो. तिथे विश्रांती घेतली म्हणून पट्ट्याचा विश्रामगड झाला.

फकीर, वासुदेव, पक्ष्यांची बोली ही सगळी मागाहूनची मौखिक परंपरा. ती खोटीच असे मी म्हणत नाही. पण लुटीआधी शहरातल्या पेढ्यांची अचूक माहिती काढणे आणि रात्रीच्या अंधारात थकलेली फौज डोंगरातून नेणे, हे सोंगांपेक्षा मोठे काम आहे असे मला वाटते.

रानवाटा

मान्य. पण चांगल्या हेराचा पुरावा सापडणार तरी कसा, सांगा! सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. जमलं तर जाऊन या.

कावळा काका

नकाशा हे सुद्धा चित्रच, म्हणून हा किस्सा चालवून घ्यावा.

कुमाऊंचा शाळामास्तर नैनसिंह रावत. तिबेटात गोऱ्यांना बंदी, म्हणून सर्वेक्षण खात्याच्या माँटगोमेरी साहेबाने पहाडी माणसांना यात्रेकरू बनवून पाठवायचे ठरवले. डेहराडूनला चालण्याचा सराव. चढ असो, उतार असो, पाऊल ठरलेल्या मापाचेच पडले पाहिजे. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी, माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. मंत्र लिहिलेल्या कागदाऐवजी प्रार्थनाचक्राच्या पोटात नोंदींच्या पट्ट्या. काठीत उष्णतामापक, कवड्यांत पारा. पारा वाटीत ओतला की क्षितिजाचे काम करतो आणि ताऱ्यांचे कोन घेता येतात. कोणी जवळ आले की जप मोठ्याने सुरू करायचा. जपणाऱ्याला कोण टोकणार?

जानेवारी १८६६ मध्ये तो ल्हासाला पोचला. आता गंमत बघा. त्याच्या काही दिवसच आधी, ३० डिसेंबर १८६५ ला, मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात तिथल्या शिल्पकलेच्या शिक्षकाला मुलगा झाला. रड्यार्ड किपलिंग. ३५ वर्षांनी त्या मुलाने 'किम' लिहिली आणि जपमाळ घेतलेले हे सगळे पावले मोजणारे त्यात घातले. त्यातल्या हरी बाबूचा मूळ नमुना शरच्चंद्र दास मानतात. तिबेटला चोरून जाऊन आलेला आणि पुढे तिबेटी भाषेचा मोठा कोश करणारा बंगाली पंडित.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली नैनसिंहला सुवर्णपदक दिले. नशीब, किमान त्याचे नाव तरी राहिले. किंथुप नावाचा त्याच्यानंतरचा माणूस त्सांगपो नदीचा माग काढायला गेला, सोबतच्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकले. तो निसटला आणि ठरल्याप्रमाणे खुणेचे ओंडके नदीत सोडले. ते बघायला खाली कोणीच नव्हते.

शून्य प्रहर

काका, साखळी पुढे नेतो. १९१२ मध्ये अंबाल्याला एका इंग्रज अधिकाऱ्याला मुलगा झाला, हॅरल्ड फिल्बी. घरात नाव पडलं किम, त्याच कादंबरीवरून. कादंबरीतला किम निरोप घेऊन जातो तोही अंबाल्यालाच. हा किम मोठा होऊन ब्रिटिश हेरखात्यात वरच्या पदावर गेला आणि सगळा वेळ मॉस्कोसाठी काम करत होता. युद्धात त्याच्या हाताखाली कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन होता. फिल्बी रशियाला पळाल्यावर त्याने आत्मचरित्र लिहिलं, तर त्याला प्रस्तावना ग्रीनची!

अटलांटिकपार

फिल्बीचं नाव निघालं म्हणजे अँथनी ब्लंट आलाच, आणि या धाग्यासाठी ब्लंटच जास्त लायक.

पूसँ या फ्रेंच चित्रकाराचा जगातला मोठा अभ्यासक. १९४५ पासून राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचा प्रमुख, १९४७ पासून कलेचा इतिहास शिकवणाऱ्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटचा संचालक, १९५६ मध्ये 'सर'. आणि १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये सोव्हिएतांनी गळाला लावलेला माणूस. युद्धकाळात तो एमआय-५ या ब्रिटिश गुप्तचर खात्यात होता आणि कागद बाहेर जात होते.

१९६४ मध्ये त्याने कबुली दिली. बदल्यात खटला नाही आणि वाच्यता नाही. म्हणजे त्यानंतरही आठ वर्षं हा माणूस राणीची चित्रं सांभाळत होता, व्याख्यानं देत होता, विद्यार्थी घडवत होता. १९७९ च्या नोव्हेंबरात थॅचरबाईंनी संसदेत नाव घेतलं तेव्हा जगाला कळलं. 'सर' ही पदवी गेली.

मला अस्वस्थ करतो तो त्याच्या विद्वत्तेचा खरेपणा. चित्र खरं की नक्कल, कुणाच्या हाताचं, कधीचं, हे ओळखण्यात आयुष्य घालवलेला माणूस स्वतः इतकी वर्षं बनावट सहीखाली टिकला. त्याची पूसँवरची पुस्तकं आजही वाचली जातात. वाचावीत का, हा वाद तुमच्यावर सोडतो.

भटकी माऊ

वाचावीत. पूसँने काही हेरगिरी केली नव्हती!

मधे एक कोडं. ओळखा पाहू: लेखिका. राजाने परदेशात हेर म्हणून पाठवली, पैसे मात्र पाठवले नाहीत. कर्ज काढून मायदेशी परतली. मग नाटकं लिहून पोट भरलं. हेरगिरीतलं सांकेतिक नाव पुढे लेखनात मिरवलं.

रेवाकाठ

ॲफ्रा बेन. १६६६, ॲन्टवर्प, राजा दुसरा चार्ल्स, नाव ॲस्ट्रिया. इंग्रजीत लेखणीवर जगलेल्या पहिल्या काही बायकांपैकी. व्हर्जिनिया वुल्फने लिहिलंय की सगळ्या बायकांनी मिळून हिच्या थडग्यावर फुलं वाहायला हवीत.

तिच्या आधीचा नाटककार मार्लो घ्या. १५८७ मध्ये केंब्रिज त्याला पदवी द्यायला कां-कूं करत होतं, तर थेट राणीच्या मंत्रिमंडळाचं पत्र आलं की या माणसाने देशाच्या हिताचं काम केलंय, अडवू नका. कोणतं काम ते पत्रात नाही. १५९३ मध्ये डेप्टफर्डच्या एका घरात बिलावरून भांडण होऊन डोळ्यावर सुरा लागून तो मेला. खोलीत इतर तिघे होते, त्यातला रॉबर्ट पोली हा सरकारी हेर. चौकशीचा कागद १९२५ मध्ये उजेडात आला तेव्हापासून 'बिल' कशाचं होतं यावर लोक पुस्तकं लिहीत आहेत.

पाटावरवंटा

बेडन-पॉवेलचं राहिलं. स्काउटवाला. १९१५ मध्ये त्याने आपल्या हेरगिरीच्या आठवणी छापल्या. जाळं घेऊन फुलपाखरं पकडणारा चक्रम साहेब म्हणून डाल्मेशियाच्या डोंगरात फिरायचा. वहीत फुलपाखराचं सुंदर चित्र. पंखांवरच्या रेषा म्हणजे किल्ल्याचा आराखडा. रेषांवर पडलेले ठिपके म्हणजे तोफा, रेषांच्या मधले ठिपके उगाच. पहारेकऱ्याला वही दाखवून वर विचारायचं, हे फुलपाखरू इकडे दिसतं का हो?

तळटीप

किस्सा बहारीचा आहे. साक्षीदार मात्र एकच, खुद्द बेडन-पॉवेल.

अटलांटिकपार

साक्षीदारांचं म्हणाल तर रोझ व्हॅलाँ. तिच्या वह्याच साक्षीदार आहेत.

पॅरिसमधलं ज्य द पोम हे संग्रहालय. जर्मनांनी ज्यू कुटुंबांची लुटलेली चित्रं तिथे आणून ठेवायची, हिटलरचा उजवा हात गोअरिंग वीसेक वेळा येऊन स्वतःसाठी निवडून घेऊन गेला. रोझ ही तिथली साधी दिसणारी फ्रेंच कर्मचारी. तिला जर्मन कळतं हे जर्मनांना माहीत नव्हतं. चार वर्षं ती ऐकत राहिली आणि कोणतं चित्र कुणाचं, कुठल्या गाडीने कुठे गेलं, हे लिहून ठेवत राहिली. ऑगस्ट १९४४ मध्ये चित्रांची १४८ खोकी भरलेली शेवटची आगगाडी निघाली तेव्हा तिने भूमिगतांना कळवलं. गाडी पॅरिसच्या बाहेरच रखडवली गेली. ती ताब्यात घेणाऱ्या तुकडीचा अधिकारी होता अलेक्झांद्र रोझेनबर्ग. त्याने खोकी उघडली तर आत त्याच्या वडिलांच्या पेढीतली, लहानपणी घरात पाहिलेली चित्रं.

युद्धानंतर हजारो कलाकृती मूळ मालकांकडे परत गेल्या त्यात तिच्या नोंदींचा मोठा हात. ब्लंटला 'सर' मिळताना कोणी विचारलं नव्हतं, हिला मात्र पॅरिस मुक्त झाल्यावर आपण जर्मनांना सामील नव्हतो हे पटवून द्यावं लागलं.

पाटावरवंटा

गोअरिंग आला म्हणून हेर नसलेला एक जण घुसवतो. हान व्हॅन मेगरन. डच चित्रकार. व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराच्या नावावर त्याने रंगवलेलं खोटं चित्र शेवटी गोअरिंगकडे पोचलं, बदल्यात गोअरिंगने लुटीतली शंभरावर चित्रं दिली. युद्ध संपल्यावर राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकला म्हणून अटक, शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकणारी. मग कबुली: व्हर्मीरचं नाही हो, माझंच आहे! कोणी विश्वास ठेवेना, म्हणून पोलिसांच्या पहाऱ्यात नवीन 'व्हर्मीर' रंगवून दाखवलं. १९४७ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली, ती भोगायच्या आत मेला. फसवणूक सिद्ध झाली आणि देशभर हिरो झाला.

भटकी माऊ

माताहारीवर कोणीच कसं नाही आलं अजून?

रेवाकाठ

कारण हेर म्हणून ती फारशी कामाची नव्हती. खोटी गोष्ट रचण्यात मात्र अव्वल, आणि त्यात आपण आहोत. मार्गारेटा झेल्ल, नेदरलंड्समध्ये टोपीविक्याची मुलगी. नवऱ्याबरोबर जावात राहिली, मोडलं, पॅरिसला आली. १९०५ मध्ये गिमे संग्रहालयात, आशियाई मूर्तींच्या मधोमध, शिवाच्या मूर्तीपुढे नाचली. आपण दक्षिण भारतातल्या देवळात नाचणारीची मुलगी, आई बाळंतपणात गेली, पुजाऱ्यांनी वाढवलं, असं सांगायची. पॅरिसने डोळे मिटून मान्य केलं.

जर्मनांनी तिला एच-२१ हा क्रमांक दिला, फ्रेंचांनीही कामाला लावलं. १९१७ च्या ऑक्टोबरात व्हँसेनला गोळ्या घातल्या. जर्मनांनी तिच्याबद्दलच्या तारा अशा सांकेतिक लिपीत पाठवल्या होत्या की जी फ्रेंचांनी आधीच फोडली होती. मुद्दाम की गलथानपणाने, यावर दोन पक्ष आहेत.

शून्य प्रहर

खोट्या माणसांमध्ये माझं मत मेजर विल्यम मार्टिनला.

१९४३ चा एप्रिल. मित्रराष्ट्रांना सिसिलीवर उतरायचंय आणि जर्मनांना वाटायला हवं की ग्रीस आणि सार्डिनिया. एक मृतदेह मिळवला, रॉयल मरीन्सचा गणवेश चढवला, कमरेला साखळीने कागदांची पेटी बांधली आणि पाणबुडीने स्पेनच्या वेल्वा किनाऱ्याजवळ सोडला. कल्पनेचं बीज युद्धाच्या सुरुवातीच्या एका टिपणात होतं. तिथे ती एका रहस्यकादंबरीतून घेतल्याचं प्रामाणिकपणे लिहिलंय. लेखक बेसिल थॉमसन. टिपण नौदलाच्या गुप्तवार्ता प्रमुखाचं, आणि ते तयार करण्यात त्याच्या सहायकाचा हात होता असं मानतात. सहायक इयन फ्लेमिंग. हो, बाँडवाला.

पेटीतल्या पत्रांपेक्षा खिशातला ऐवज बघा. वाग्दत्त वधूची दोन प्रेमपत्रं आणि फोटो (फोटो खात्यातल्याच एका मुलीचा), अंगठीचं न भरलेलं बिल, खात्यातून जास्त पैसे काढल्याबद्दल बँकेचं खरमरीत पत्र, नाटकाच्या तिकिटांची अर्धुकं. आतले कपडे ऑक्सफर्डच्या एका दिवंगत विद्वानाचे, कारण युद्धात चांगले आतले कपडे मिळत नव्हते. भामहाला हे आवडलं असतं. त्याची तक्रारच ही होती की हत्तीची गोष्ट रचणाऱ्याने वाचणाऱ्याच्या शंकांचा विचार केला नाही. इथे दोन माणसांनी आठवडेच्या आठवडे फक्त शंकांचाच विचार केला.

तो देह होता वेल्समधल्या ग्लिंडर मायकल नावाच्या बेघर माणसाचा. वेल्वातल्या दगडावर त्याचं खरं नाव कोरायला १९९८ उजाडलं.

पाटावरवंटा

आणि गार्बो! हे सांकेतिक नाव. खरं नाव ह्वान पुहोल, बार्सिलोनाचा. ब्रिटिशांनी नोकरी नाकारली म्हणून जर्मनांकडे गेला, आणि लिस्बनमध्ये बसून इंग्लंडची बातमीपत्रं लिहू लागला. साधन काय तर प्रवासी मार्गदर्शक, नकाशा आणि वाचनालय. ग्लासगोची माणसं लिटरभर वाईनसाठी काहीही करतात असं ठोकून दिलं, जर्मनांनी तेही गिळलं. पुढे ब्रिटिशांनी त्याला घेतलं आणि त्याने २७ हेरांचं जाळं उभं केलं, ज्यातला एकही जन्माला आलेला नव्हता. लिव्हरपूलचा एक 'हेर' योग्य वेळी बातमी देऊ शकला नाही म्हणून त्याला मारावं लागलं. वर्तमानपत्रात मृत्यूची जाहिरात दिली. जर्मनांनी त्याच्या विधवेला निवृत्तिवेतन सुरू केलं.

दोन्ही बाजूंनी पदकं: जर्मनांचा आयर्न क्रॉस आणि ब्रिटिशांचा एमबीई. कौटिल्याच्या यादीत असा उभयवेतन आहे का, तळटीपराव?

तळटीप

वेतन दोन्हीकडून घेणारा आहे. पदके घेणारा नाही.

कावळा काका

आता घरचे सांगतो. १९५८ साली सीआयएने पास्तरनाकच्या 'डॉक्टर झिवागो'ची रशियन आवृत्ती गुपचूप हेगला छापून घेतली आणि ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात व्हॅटिकनच्या दालनातून रशियन पाहुण्यांना वाटली. लोक निळी कापडी बांधणी फाडून फेकत आणि पाने खिशात कोंबत. रशियात ती कादंबरी तेव्हा छापायला बंदी. २०१४ मध्ये सीआयएने कागद खुले केले.

त्याच संस्थेचा पैसा 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या लेखक-विचारवंतांच्या संघटनेमार्फत जगभरच्या मासिकांना जात होता. या काँग्रेसची भारतातली पहिली परिषद मार्च १९५१ मध्ये मुंबईत झाली. भारतीय समितीचे पुढारी मिनू मसानी. तिच्यातर्फे १९५५ पासून 'क्वेस्ट' निघाले, पहिले संपादक निसिम इझिकेल. १९६६-६७ मध्ये पैशाचे बिंग फुटले तेव्हा जगभरच्या संपादकांवर शिंतोडे उडाले.

माझ्यापुरते म्हणाल तर 'क्वेस्ट' उत्तम नियतकालिक होते. त्यात कोणी सीआयएचे सांगणे छापले असे वाचताना कधी जाणवले नाही. पण लंडनच्या 'एन्काउंटर'बद्दलही लोक हेच म्हणत, आणि त्याच्या एका संपादकाने, कवी स्टीफन स्पेंडरने, बिंग फुटल्यावर राजीनामा दिला होता. पुढे आणीबाणीत 'क्वेस्ट' बंद पडले आणि १९७७ मध्ये अ. भि. शहांनी पुण्याहून 'न्यू क्वेस्ट' काढले. नंतर ते मे. पुं. रेग्यांनी आणि दिलीप चित्र्यांनी सांभाळले.

अडगळ

काका, या विषयाला वेगळा धागा हवा. काढता का? माझ्याकडे 'न्यू क्वेस्ट'चे काही अंक पडलेत, चाळून सांगतो.

तोवर नवं कोडं: १९४१ च्या एका रहस्यकादंबरीतल्या कंटाळवाण्या मेजरच्या आडनावामुळे ब्रिटिश गुप्तचर खातं हादरलं. आडनाव कोणतं, आणि लेखिकेने काय कारण दिलं?

भटकी माऊ

मेजर ब्लेचली! ॲगाथा ख्रिस्ती, 'एन ऑर एम?'. जर्मन लिपी फोडण्याचं काम ब्लेचलीला चालतं हे बाईंना कळलं की काय म्हणून तिथल्याच डिली नॉक्सने, तो तिचा मित्र होता, चहाला बोलावून आडून आडून विचारलं. बाई म्हणाल्या, त्या स्टेशनावर माझी गाडी रखडली होती, म्हणून सूड घेतला.

आता कोडं मी घालणार. उद्या सकाळी.